केस गळतायत की विरळ होतायत? आधी ते बघा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३१. तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता, पंधरा दिवस ताप होता. आता डोकं धुतलं की हातात पुंजकेच्या पुंजके येतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, म्हणजे मुळासकटच निघतायत ना? तीन शाम्पू बदलून झाले, बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत, मैत्रीण म्हणते मिनॉक्सिडिल (केस वाढायचं औषध) लाव. टक्कल पडेल का मला?

उत्तर : नाही हो ताई, टक्कल नाही पडणार. आणि तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. केसाची वाढ थांबली की त्याचं खालचं टोक काडेपेटीच्या काडीसारखं गोल होतं, मग तो दोन-तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. ज्या पिशवीतून तो उगवतो ती कातडीतच शाबूत असते, तिथूनच नवा येतो. तुमच्या तापात एकदम खूप केसांची वाढ थांबली, ते सगळे आता एकदम गळतायत, बिचाऱ्या शाम्पूवर उगाच आळ. बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून कमी केलेलं वजन, यांच्यानंतरही हेच होतं. एरवीही रोज ५० ते १०० केस जातातच, आपण मोजत नाही एवढंच.

ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते, पण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो त्यामुळे वेणी पहिल्यासारखी जाड व्हायला वर्ष तरी जाणार, तेवढा धीर धरा. मिनॉक्सिडिल आत्ता नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड एकदा तपासून घ्या, पण बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद करून, कारण त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो (हे सहसा कोणी सांगत नाही). भांग रुंद होत चालला, गोल चाई पडली किंवा सहा महिन्यांनीही गळती थांबली नाही तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : वय २६, वडिलांना टक्कल आहे, माझेही कपाळाचे कोपरे मागे सरकलेत. ५ टक्के मिनॉक्सिडिल महिनाभर लावलं तर उलट जास्तच गळायला लागलेत. बंद करू का?

उत्तर : एवढ्यात नको. पहिले दीड-दोन महिने असं होतं, गळायच्या बेतात असलेले केस लवकर सुटतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि लावणं सोडलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं हेही आधीच माहीत असू द्या. तुमचा प्रकार वरच्या ताईंपेक्षा वेगळा आहे, इथे डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसाची पिशवीच आकसत जाते, दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. फिनास्टेराइड ही गोळी त्या हार्मोनवरच काम करते, पण थोड्या पुरुषांना लैंगिक त्रास होतो, म्हणून डॉक्टरांशी मोकळं बोलूनच घ्यायचं, मित्राच्या पट्टीतून नाही. ट्रान्सप्लांटची घाई २६ व्या वर्षी करू नका, त्यात डोक्याच्या मागचेच केस पुढे लावतात आणि तुमची केसांची रेषा अजून सरकतेय, पुढे लावलेले राहतील आणि त्यांच्या मागचे जातील, मग मध्येच बेट तयार होतं. आणि रोज आरशात बघणं बंद करा, महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढा आणि सहाव्या महिन्यात पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून बघा.