हिरव्या पाण्याला घाबरून हौद उपसू नका

माशांच्या हौदाचं पाणी हिरवं झालंय, तो उपसून टाकू का, असं तुम्ही विचारलंत. हिरवं पाणी दिसायला वाईट, पण मासे मारतो तो बहुतेक वेळा अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारं विष, आणि तो नितळ पाण्यातही असतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर आधी पाणी तपासायचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट (तेही विषारीच), दोन्ही शून्य हवेत.

फिल्टरचा स्पंज दर रविवारी नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुता म्हणालात ना, गडबड तिथेच आहे. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. बादलीत हौदाचंच पाणी घ्या, स्पंज दोन-तीनदा पिळा, तपकिरी गाळ निघाला की बास. थोडा मळका राहू द्या. नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर नवे मासे नकोत आणि खाणं अगदी चिमूटभर.

आपल्या सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो, म्हणून आला की हौद काठोकाठ भरायचा मोह होतो. तसं करू नका. पाणी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या, मग आठवड्याला 10-15 टक्केच बदला.

मे महिन्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. वर शेडनेट बांधा, एअर पंप रात्रीही चालू ठेवा. पहाटे ऑक्सिजन सर्वात कमी असतो. शेवाळ मारायचं औषध तूर्त बाजूला. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं.