'ऋण प्रबलन' म्हणजे शिक्षा नव्हे

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी अकरावीत मानसशास्त्र शिकते. पुस्तक इंग्रजीत, पण प्राथमिक शाळा मराठी झाल्यामुळे अवघड भाग ती घरी आईशी मराठीतून बोलून समजून घेते. 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' या संज्ञेला तिला एका ठिकाणी 'नकारात्मक प्रबलन' सापडले, दुसरीकडे 'ऋण प्रबलन', आणि शिकवणीत सांगितले गेले की याचा सरळ अर्थ शिक्षा. यांतले खरे कोणते?

शिक्षा हा अर्थ चुकीचा आहे. उरलेल्या दोन शब्दांपैकी मी 'ऋण प्रबलन' घेईन.

आधी 'प्रबलन' पाहू. प्रबल म्हणजे जोरदार, तेव्हा प्रबलन म्हणजे एखाद्या गोष्टीला बळ मिळणे. इथे बळ मिळते ते वर्तनाला. आपण काही केले, त्यापाठोपाठ काहीतरी घडले, आणि त्यामुळे तेच पुन्हा करण्याकडे आपला कल वाढला, तर प्रबलन झाले. मागे धन लागो की ऋण, वर्तन वाढलेच पाहिजे. शिक्षेने वर्तन कमी होते. म्हणजे शिकवणीत ज्या दोन गोष्टी एक म्हणून सांगितल्या, त्यांचा परिणाम एकमेकांच्या अगदी उलट आहे.

मग ऋण कशासाठी? हा शब्द गणितातून आला आहे आणि त्याला मोठी परंपरा आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात धन आणि ऋण, म्हणजे जवळची संपत्ती आणि डोक्यावरचे देणे, या नावांनी संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आहेत. आपण शाळेत अजून धन संख्या, ऋण संख्या असेच म्हणतो. बॅटरीचे ऋण टोक वाईट असते असे कोणी समजत नाही. ऋण प्रबलनातही 'ऋण' इतकेच सांगते की काहीतरी वजा झाले. 'नकारात्मक' म्हटले की मात्र नकारात्मक विचार, नकारात्मक बातमी असे सगळे कानात वाजू लागते, आणि ऐकणारा वाईट गोष्टीवरून थेट शिक्षेवर जाऊन पोचतो. माझ्या मते गोंधळाचे मूळ या एका शब्दात आहे. तो पुस्तकांतून जाईल तितके बरे.

आता उदाहरण. आषाढातली रात्र, वीज गेलेली, पंखा बंद आणि कानाशी डासांची गुणगुण. शेवटी उठून मच्छरदाणी सोडली आणि डासांचा त्रास थांबला. दुसऱ्या रात्री अंथरूण घालतानाच मच्छरदाणी सोडली जाते. मच्छरदाणी सोडणे हे वर्तन वाढले, आणि ते वाढले त्रास वजा झाल्यामुळे. हे ऋण प्रबलन. पहिल्या रात्री त्रासातून सुटका केली, दुसऱ्या रात्री तो येण्याआधीच टाळला. मानसशास्त्र या दोन्हींची वेगळी नोंद घेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीरही हेच करतो. पेटीच्या जाळीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडलेला असतो, दांडा दाबला की तो बंद होतो, आणि उंदीर दांडा दाबायला शिकतो. त्या उंदराला शिक्षा झाली असे म्हणून पाहा. वाक्य जमत नाही.

दुसरे उदाहरण मला फार आवडते, कारण त्यात एकाच घटनेत दोन्ही प्रबलने आहेत. म्हार्दोळच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानापुढे मूल रडू लागते. आई खाजे घेऊन देते, मूल गप्प होते. मुलाला रडल्यावर खाजे मिळाले, काहीतरी अधिक झाले, म्हणून पुढच्या दुकानापुढेही ते रडणार: हे धन प्रबलन. आईच्या बाजूने पाहा. खाजे घेऊन दिल्यावर रडणे थांबले, कानाचा त्रास वजा झाला, म्हणून पुढच्या वेळी तिचा हात पिशवीत लवकर जाणार: हे ऋण प्रबलन. दोघेही एकमेकांना शिकवत आहेत आणि दोघांनाही ते कळत नाही. ताई, लेकीला हे एकच उदाहरण सांगितले तरी ती गोंधळणार नाही.

शिकवणीत चूक झाली म्हणून फार रागावू नका. खुद्द स्किनरने 1938 च्या पुस्तकात ही संज्ञा आजच्या शिक्षेच्या अर्थाने वापरली होती. 1953 च्या पुस्तकापर्यंत त्याने अर्थ बदलून आजचा केला. संज्ञा वापरणाऱ्यालाच तिचा अर्थ एकदा बदलावा लागला.

आता 'शिक्षा'. संस्कृतात 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. आपले 'शिकणे' तिथूनच आले. सहा वेदांगांपैकी एकाचे नाव शिक्षा आहे, आणि ते उच्चारांचे शास्त्र आहे. मराठीत मात्र शिकण्यासाठी 'शिक्षण' राहिले आणि 'शिक्षा' चुकीबद्दल भोगायच्या गोष्टीकडे गेली. कन्नड आणि गुजरातीतही तो शब्द याच वाटेने गेला. धडा शिकवणे, अद्दल घडवणे या आपल्या बोलण्यात शिकणे आणि भोगणे अजून एकत्र नांदतात. कोकणीत 'ख्यास्त' म्हटले की हा घोळ उरतच नाही. घरी कोकणी बोलत असाल तर खुशाल तो शब्द वापरा.

शिक्षेलाही धन आणि ऋण लागते, हे लेकीला जरूर सांगा. ओरडा बसला तर काहीतरी अधिक झाले, मोबाइल काढून घेतला तर काहीतरी वजा झाले. मोबाइल काढून घेणे ही ऋण शिक्षा. तिने प्रत्येक उदाहरणाला दोनच प्रश्न विचारावेत: काही घातले की काढले, आणि वर्तन वाढले की घटले? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय प्रबलन की शिक्षा हे ठरवूच नये.

ती मोबाइलवर हिंदी टिपणे वाचत असेल तर एक सावधगिरी. तिथे 'शिक्षा मनोविज्ञान' दिसेल, ते आपले शैक्षणिक मानसशास्त्र. 'पुनर्बलन' म्हणजे आपले प्रबलन. आणि 'दंड' म्हणजे आपली शिक्षा. आपल्याकडे दंड म्हटला की तो पैशांत भरायचा असतो.