वारसा इमारतींना नियोजनात सवलती दिल्याने त्या खरंच वाचतात का, की ही फक्त बिल्डरांची सोय आहे?

तुमची शंका रास्त आहे. दोन्ही होतं. कुठे काय होईल हे सवलत मालकाच्या हातात कधी पडते, यावर ठरतं.

मी नगररचनेत काम करतो, म्हणून आधी मालकाचा हिशेब मांडतो. समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, ३. म्हणजे ३,००० चौरस मीटर बांधता येतं, पण उभी इमारत १,२०० ची. वारसा यादीत नाव लागलं की उरलेले १,८०० कागदावरच राहतात आणि छपराची दुरुस्ती मात्र त्याच्याच खिशातून. असा मालक इमारत पाडत नाही, पाडायची परवानगीच नसते. तो फक्त पन्हळी साफ करणं सोडून देतो. पाणी भिंतीत मुरतं, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात, आणि काही पावसाळ्यांनी 'इमारत धोकादायक झाली आहे' असा अर्ज टेबलावर येतो. नुसत्या बंदीचा शेवट बहुतेक वेळा असाच.

ते अडकलेलं चटईक्षेत्र, म्हणजे न वापरता आलेलं बांधकाम, दुसऱ्या भूखंडावर वापरण्यासाठी विकू द्यायचं, हा टीडीआरचा (हस्तांतरणीय विकास हक्कांचा) मार्ग. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर उभारायचा रेल्वे कंपनीचा बेत शहराने नाकारला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराची बाजू घेतली. न वापरलेल्या बांधकामाचे हक्क शेजारच्या जागांवर वापरता येतात, त्यामुळे मालकावरचा बोजा हलका होतो, हाही निकालातला एक मुद्दा होता.

पण टीडीआरला गिऱ्हाईक लागतं. व्हँकुव्हरमध्ये वारसा इमारतींच्या बदल्यात दिलेलं चटईक्षेत्र खपेना, साठा फुगत गेला, आणि २००७ मध्ये शहराला नवं देणं थांबवावं लागलं. शिवाय एफएसआय सगळ्यांनाच सढळ हाताने दिला असेल, तर टीडीआर विकत कोण घेणार? एका हाताने टीडीआर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना जादा एफएसआय वाटायचा, हा प्रकार मला तरी कधी कळलेला नाही.

आता तो 'कधी'चा मुद्दा. सिडनीत जतनाचं काम पूर्ण झाल्यावर आणि पुढच्या देखभालीचा करार नोंदल्यावरच विकाऊ चटईक्षेत्र मिळतं. मला हाच क्रम योग्य वाटतो. हक्क आधी दिले की ते विकले जातात, पैसे दुसऱ्या प्रकल्पात जिरतात आणि इमारतीच्या वाट्याला रंगाचा एक हात येतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून 'दुरुस्ती झाली' म्हणणारेही असतात. त्या गिलाव्यामागे ओल अडकते आणि वीट आतून भुसभुशीत होते. म्हणून तपासणी फोटोंवरून नको, जागेवर जाऊनच हवी.

करसवलतीतही अशीच अट घालता येते. अमेरिकेत केंद्र सरकार पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के रक्कम आयकरातून वळती करू देतं, पण काम ठरलेल्या मानकांनुसार झाल्याचा दाखला लागतो, आणि पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीचा काही भाग परत भरावा लागतो. उलटं उदाहरण ब्रिटनचं. तिथे २०१२ पर्यंत संरक्षित इमारतीत मंजुरी घेऊन केलेल्या फेरबदलांवर व्हॅट शून्य होता आणि साध्या दुरुस्तीवर पूर्ण! म्हणजे कौल बदलण्यापेक्षा खोली वाढवणं करापुरतं तरी स्वस्त. नंतर तो फरक गेला, पण फेरबदलांवरही पूर्ण कर लावून.

या सगळ्यात स्वतःच्या जुन्या घरात राहणारा छोटा मालक बाजूलाच राहतो. टीडीआर विकण्याची उठाठेव त्याला झेपत नाही, आणि अमेरिकेतली ती २० टक्के सवलतही फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच आहे. त्याच्यासाठी कॅलिफोर्नियाचा १९७२ चा मिल्स कायदा मला जास्त पटतो: मालकाने किमान दहा वर्षांचा देखभालीचा करार करायचा, बदल्यात मालमत्ता कर कमी. ज्या शहरांना हवं तीच यात उतरतात, कारण तिजोरीत येणारा कर घटतो. तुमच्या नगरपालिकेत असा प्रस्ताव आला तर पहिला विरोध वित्त विभागाकडूनच होईल, त्याची तयारी ठेवा.