विचारा ताईंना : आधी उचल, मग बचत

प्रश्न : आमच्या नगरपालिकेच्या गावात आठ बायका कचरा वेचतात. त्यांचा बचत गट काढावा म्हणून दोनदा बैठक बोलावली, दोघीच आल्या. बाकीच्या म्हणतात, "उरले तर टाकू." काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : बैठक किती वाजता होती ते लिहिलं नाहीत. मी पुण्यात पहिल्यांदा गट काढायला गेले, तेव्हा सकाळी अकराची वेळ दिली होती. सतरंजी घातली, चहा गार झाला, कुणी फिरकलं नाही. त्या वेळी सगळ्या भंगारच्या दुकानामागे माल निवडत होत्या. शेवटी तिथंच जाऊन पोत्यावर बसले.

बसल्यावर उमगलं. एकीनं पुठ्ठ्याचं बोचकं काट्यावर टाकलं. "ओला आहे," म्हणत दुकानदारानं दोन किलो कापले, मग वही उघडून उचलीचे पैसे वळते केले. उरलेल्या नोटा तिनं पदराच्या गाठीला बांधल्या. उचल लेकीच्या आजारपणातली. ती फिटेपर्यंत माल दुसऱ्या दुकानात नेता येत नाही, मग भाव कसला मागणार? तुमच्या बायकांचं "उरले तर" मला तरी टाळाटाळ वाटत नाही.

म्हणून आठवड्याला वीस रुपयांनी सुरुवात करा. महिन्याचे शंभर एकदम निघत नाहीत. गटाचं पहिलं कर्ज जिची उचल सर्वांत लहान, तिला द्या. ती सुटली की बाकीच्यांना पटतं. मात्र दुकानदाराशी आताच भांडू नका. रात्री-अपरात्री दवाखान्याला पैसे लागले तर अजून तोच देतो.

गटाला साधारण दहा ते वीस जणी लागतात. दारोदार फिरून भंगार विकत घेणाऱ्या बायकाही घ्या. पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत दोघी एकत्रच आहेत. ही संघटना 1993 ची, डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारातली. पतसंस्था नंतर आली, आधी ओळखपत्र आलं. गळ्यात कार्ड असलं की वॉचमन आणि पोलीस जरा दबकून बोलतात. पुढे याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं.

तुम्हीही नगरपालिकेत अर्ज द्या. कचरावेचकांचे बचत गट व्हायला मदत करा, त्यांना ओळखपत्रं द्या, हे 2016 च्या घनकचरा नियमांत पालिकांचंच काम म्हणून लिहिलं गेलं. बँकेनं प्रत्येकीचे कागद मागितले, तर सांगा की बचत खातं उघडताना गटाच्या पदाधिकाऱ्यांचे पुरतात. रिझर्व्ह बँकेचीच तशी सूचना आहे.

पुढची बैठक माल विकायच्या दिवशी ठेवा, दुकानाजवळ पण दुकानदाराच्या नजरेआड. आणि हिशोबाची वही तुम्ही लिहू नका. एखादीची शाळकरी मुलगी असेलच, तिच्या हाती द्या.