कामाच्या फायली गूगल ड्राइव्हला सिंक होतात, मग वेगळा बॅकअप कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार जणांचं कर सल्लागाराचं ऑफिस, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, एक्सेल आणि स्कॅन केलेली कागदपत्रं मिळून ३०० जीबीच्या आसपास. सगळं गूगल ड्राइव्हला सिंक होतं. ऑफिसबाहेरचा बॅकअप म्हणून एवढं पुरेसं आहे का?

निम्मं काम झालंय. राहिलेलं निम्मं असं आहे की त्याचीच गरज जास्त वेळा पडते.

बॅकअपची प्रत मूळ फायलीपासून दोन प्रकारे लांब असावी लागते, जागेनं आणि काळानं. जागेचं तर आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जायची. आग, चोरी, वीज पडणं, सगळ्याला हेच लागू. इथं सिंक खरोखर कामाला येतं, आणि तुम्ही ते चालू ठेवलंय हे उत्तम केलंय. ते बंद करू नका.

काळानं लांब म्हणजे फाईल काल कशी होती, मार्चअखेरीला कशी होती, ते परत मिळणं. सिंकचं कामच मुळात आत्ताची फाईल सगळीकडे सारखी ठेवणं हे आहे. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. इथं एक्सेलमध्ये चुकीची शीट सेव्ह झाली की तीच वर जाते. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर कुलूप घातलेल्या फायलीही इमानेइतबारे वर चढतात.

यावर उपाय म्हणून सिंकची सोय देणाऱ्या कंपन्या थोडा मागचा काळ राखून ठेवतात, पण तो किती ते बघा. गूगल ड्राइव्हच्या बिनमधली, म्हणजे पुसलेल्या फायलींच्या डब्यातली, फाईल ३० दिवसांनी कायमची जाते. पीडीएफ, एक्सेलसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्याही साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच राहतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ३० दिवस, ऑफिसच्या खात्यात ९३. ड्रॉपबॉक्सच्या साध्या प्लॅनमध्येही ३०च.

आता हे तुमच्या धंद्याच्या कॅलेंडरला लावून बघा. माझ्या माहितीतल्या एका ऑफिसात मे महिन्यात नव्या मुलानं डिस्कवर जागा व्हावी म्हणून जुन्या वर्षांचे फोल्डर डिलीट केले. त्याचा हिशेब साधा होता, "वर आहेच की." वर होतं, पण फक्त महिनाभर. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या गडबडीत एका अशिलाची जुनी बँक स्टेटमेंट लागली, तोवर बिन कधीच रिकामी झाली होती. तुमच्या कामात फाईल जाते एका हंगामात आणि लागते दुसऱ्या हंगामात. तीस दिवसांची मुदत इथं फार तोकडी आहे. कायद्याची मुदत तर कितीतरी लांब आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे, आणि कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षं. तुमच्या अशिलांत प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर आणखी एक गोष्ट बघा. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. त्यांची पुस्तकं तुमच्याकडे असतील तर ही व्यवस्था कोण करतंय, ते त्यांच्याशी बोलून ठरवून घ्या.

टॅलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण छोट्या ऑफिसांत सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. प्रत्येक कंपनीचा १०००० अशा आकड्याच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात बऱ्याच फायली असतात. व्हाउचर, म्हणजे एखाद्या व्यवहाराची नोंद, टाकलं की त्यातल्या कित्येक एकदम बदलतात. सिंकवाला प्रोग्राम मात्र एकेक फाईल उचलतो, कधी टॅली उघडं असतानाच. त्यामुळे वर जो संच जातो त्यात काही फायली दहा वाजताच्या आणि काही सव्वादहाच्या असू शकतात. असा संच परत आणला तर कंपनी उघडेलच याची खात्री नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन कॉम्प्युटरवर तोच सिंक केलेला फोल्डर उघडून काम करणं. कृपा करून हे करू नका, यात डेटा हमखास बिघडतो.

म्हणून टॅलीचा चालू डेटा सिंक फोल्डरच्या बाहेर ठेवा. संध्याकाळी सगळ्यांचं काम थांबलं की टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून डेटामधून बॅकअप घ्या आणि तो बॅकअप सिंक फोल्डरमध्ये जाऊ द्या. रोज तारखेच्या नावाचा नवीन फोल्डर करा, म्हणजे आजचा बॅकअप कालच्यावर चढत नाही. एवढ्यानं तुम्हाला टॅलीपुरता काळही मिळतो आणि जागाही.

दुसरं, नेमकं काय सिंक होतंय ते आजच उघडून बघा. आपल्याकडे काम डी ड्राइव्हवर ठेवायची जुनी सवय आहे. वनड्राइव्हचा आपोआप होणारा बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठराविक फोल्डरच धरतो, डी ड्राइव्ह त्यात येत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये फोल्डर तुम्हाला निवडावे लागतात, आणि तिथं 'स्ट्रीम' आणि 'मिरर' असे दोन पर्याय आहेत. मिरर असेल तर फाईल मशीनवरही पूर्ण असते. स्ट्रीम असेल तर ती तुमच्या मशीनवर पूर्ण नसते, फक्त दिसते. म्हणजे तुमच्याकडे दोन प्रती नाहीत, एकच आहे, आणि ती गूगलकडे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या डेस्कटॉप ॲपच्या एका आवृत्तीत दोष निघाला आणि काही लोकांच्या फायली दिसेनाशा झाल्या. गूगलनं तो मान्य करून दुरुस्तीही दिली. पण अशा दिवशी दुसरी प्रत हाताशी असलेला माणूस काम चालू ठेवू शकतो.

खातं कुणाच्या नावावर आहे तेही बघा. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर ऑफिसचा डेटा असेल तर तो माणूस सोडून गेल्यावर फार अवघड होतं. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे बॅकअप कोड कागदावर छापून घरी ठेवा. ऑफिस आणि फोन दोन्ही एकदम गेले तर वर सगळं असूनही तुम्ही आत शिरू शकणार नाही.

आता काय जोडायचं ते सांगतो. तुमच्या आकाराला दोन एक्स्टर्नल डिस्क पुरतात. एक ऑफिसात, एक घरी, दर शुक्रवारी अदलाबदल. कॉपी करण्यापुरतीच जोडायची आणि लगेच काढायची, कारण जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरही पोचतं. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद करा, अशिलांचे पॅन आणि आधार त्यात आहेत, आणि पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर ठेवा. कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये मूळ जागी पुसलेली फाईल प्रतीतूनही पुसायची सेटिंग असते, ती बंद ठेवा. नाहीतर सिंकचाच दोष डिस्कवर येईल. वर्षाची सगळी विवरणपत्रं भरून झाली की त्या वर्षाची एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

डिस्कची ने-आण नको असेल तर ड्युप्लिकाटी किंवा रेस्टिक यांसारखा खरा बॅकअप प्रोग्राम वापरा. तो फायली कुलूपबंद करून क्लाउडवर पाठवतो आणि जुन्या आवृत्त्या तुम्ही ठरवाल तितकी वर्षं ठेवतो. पहिली खेप मात्र मोठी असते. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर ३०० जीबीला सरळ हिशेबानं ३३ तास लागतात, म्हणून शनिवारी ऑफिस बंद करताना सुरू करा. माझ्या मते चार जणांच्या ऑफिसात डिस्कची सवय जास्त टिकते, कारण शुक्रवारी डिस्क उचलली की नाही हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. प्रोग्राम मात्र गुपचूप बंद पडला तर महिनोन्‌महिने कळत नाही.

दर तीन महिन्यांनी एकदा परत आणून बघा, शक्यतो दुसऱ्या मशीनवर. एखादी जुनी पीडीएफ उघडा, मग टॅलीचा बॅकअप वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, चालू डेटावर चुकूनही नको. त्याच तारखेची ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, दोन्हीकडे काढा आणि बेरजा जुळतात का ते बघा. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते दर वेळी वेगळ्या माणसाला करायला लावा, म्हणजे तुम्ही गावाला असलात तरी ऑफिसात कुणाला तरी येत असेल.