मुसोलिनी डावा की उजवा?

प्रश्न: मुसोलिनी आधी समाजवादी होता ना, मग फॅसिझम डावा का नाही म्हणत? आमच्या ग्रुपवर यावरून रोज भांडणं होतात.

उत्तर: होता की, पक्का समाजवादी होता, 'अवांती' या त्यांच्या पेपरचा संपादकच होता, पण 1914 मध्ये इटलीने युद्धात उतरावं म्हणायला लागला आणि पक्षाने त्याला हाकललं. 1919 चा त्याचा जाहीरनामा वाचलात तर बायकांना मत, आठ तासांचा दिवस, भांडवलावर टॅक्स, सगळं डावंच वाटतं. पण जाहीरनाम्यावर काय जायचं हो! पुढची दोन वर्षं बघा. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात त्याचे काळे शर्टवाले, म्हणजे फॅसिस्ट टोळ्या, ट्रक भरून यायचे, शेतमजुरांच्या युनियनची ऑफिसं जाळायचे, समाजवादी पुढाऱ्याला धरून जबरदस्तीने एरंडेल पाजायचे, आणि याला पैसा बड्या जमीनदारांचा. 1921 ला निवडून आला तेव्हा संसदेत पार उजव्या टोकाच्या बाकांवर जाऊन बसला, पहिल्याच भाषणात तसं आनंदाने सांगितलं पण. सत्तेत आल्यावर 1926 मध्ये संपावर कायद्याने बंदी.

आता त्याच्या सरकारने बँका-कारखाने ताब्यात घेतले त्याचं काय, असं ग्रुपवर कोणीतरी म्हणणारच. घेतले, 1933 मध्ये, पण मंदीत बँका बुडत होत्या म्हणून, मजुरांच्या हाती द्यायला नाही. त्यामुळे माझ्या मते उजवाच, फक्त जुन्या राजेशाहीवाल्या उजव्यांसारखा नाही, याला रस्त्यावरची गर्दी लागायची.