सूर्याआधीचा उजेड

प्रश्न : ताई, नाताळात सदर या वस्तीतल्या शेजाऱ्यांकडे बायबल चाळलं. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य मात्र चौथ्या! हे कसं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नेमक्या जागी बोट ठेवलंत. बाबेलात, म्हणजे प्राचीन बॅबिलोनमध्ये, सूर्याला देव मानत. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र तो देवाने मागाहून टांगलेला दिवा. (नागपुरात मे महिन्यात हे पटणं कठीणच!) उजेडाचं मूळ देवाकडे, म्हणून बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायातल्या नगरीला सूर्य लागतच नाही. मला मात्र योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) ९वा अध्याय जास्त भिडतो. ‘मी जगाचा प्रकाश आहे’ म्हणणारा येशू थुंकीत माती कालवतो, जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो, शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. त्याला दिसू लागतं, आणि धर्मपंडित आनंद करायचा सोडून त्याची, वर त्याच्या आईबापांचीही, उलटतपासणी घेत बसतात. आंधळं कोण, ते तुम्हीच वाचा.